सोळा पाठींची बाई

आमच्या दवाखान्याच्या दारातून आत गेलं की उजव्या हाताला भिंतीवर काचेच्या चौकटी लागतात. प्रमाणपत्रं आहेत ती. एक दवाखान्याच्या दर्जाचं, एक कृत्रिम पाय बनवणाऱ्या शेडचं, आणि मधोमध सगळ्यात मोठं ते मणक्याच्या वॉर्डाचं. मागच्या वर्षी दवाखान्यानं गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक छापलं. त्यात ह्या चौकटींचे फोटो आहेत, तपासणीला आलेल्या साहेबांचे आहेत, मान्यता कशी मिळाली त्याची हकीकत आहे. शमीम बाईंचं नाव नाही. मी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट लावून वाचलं, मग ऑफिसात जाऊन विचारलं. तिथले कारकून म्हणाले, काका, मान्यतेच्या फाइलीत इन्चार्ज म्हणून त्यांचं नावच नाही, आम्ही कुठून छापणार. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी लिहितो. मी चौथी पास आहे. हळू लिहितो, पण मला कोणी लिहून द्यायची गरज नाही.

शमीम बाई मणक्याच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, मूळच्या राजुऱ्याच्या. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. बांधा ठेंगणा, अंगानं भरलेल्या, चालताना चपलेचा आवाज अजिबात नाही. त्यामुळे त्या वॉर्डात कधी आल्या ते कळायचं नाही, आणि तेच आम्हाला महागात पडायचं. दारात आल्या की आधी उभ्या राहून नाकानं श्वास घ्यायच्या. कुठं जखम चिघळायला लागली असेल तर त्यांना दारातूनच कळायचं. मग पहिल्या खाटेपासून सोळाव्या खाटेपर्यंत एकेका माणसाच्या पाठीखाली उलटा हात सरकवत जायच्या. तळहात नाही, हाताची मागची बाजू. म्हणायच्या, तळहात काम करून करून बहिरा होतो.

ह्या वॉर्डात कोण असायचं ते सांगतो. झाडावरून पडलेले, विहिरीत पडलेले, कोळशाच्या खाणीत ज्यांच्या अंगावर छत आलं ते. मणका गेलेला. कमरेखाली त्यांना काही कळत नसे, आणि काही कळत नाही हाच तर धोका. तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण आपलं अंग आपल्याला सांगतं. त्यांचं अंग गप्प असतं. एकाच जागी दाब पडत राहिला की आतून मांस मरतं, कातडी फुटते, आणि मग हाडापर्यंत खड्डा पडतो. माणूस मणक्यानं मरत नाही, ह्या खड्ड्यानं मरतो. म्हणून दर दोन तासांनी प्रत्येकाला फिरवायचं. डावी कूस, पाठ, उजवी कूस, जमलं तर पालथा. त्याला आम्ही कूस देणं म्हणायचो. दिवसाचे बारा फेरे, सोळा माणसं. शमीम बाईंचं सगळं आयुष्य ह्या कामाच्या काळजीत गेलं. त्या कधी बसल्या नाहीत. जेवणाचा डबासुद्धा खिडकीत ठेवून उभ्यानं खायच्या. नमाज धुतलेल्या चादरींच्या खोलीत पढायच्या, आणि तिथून बाहेर आल्या की पहिला प्रश्न कोणत्यातरी पाठीबद्दल असायचा. सुट्टीवर राजुऱ्याला गेल्या तर एसटीडी बूथवरून फोन यायचा, "नऊ नंबर कसा हाय?" त्या बूथवाल्याला आमच्या वॉर्डातले सगळे नंबर पाठ झाले होते. एकदा तर त्यांच्याआधी त्यानंच विचारलं, नऊ नंबरचं सुकलं का म्हणून.

मी तिथं कसा आलो तेही सांगावं लागेल, त्याशिवाय बाई कळणार नाहीत. आम्ही ढिवर. गावच्या तलावात जाळं टाकायचं, उरलेल्या दिवसांत मजुरी. माझा मोठा भाऊ देवाजी मोहाची फळं तोडताना झाडावरून पडला, कंबर गेली. गावात ज्यानं त्यानं एकच सांगितलं, मोडलेल्या माणसाला हलवू नका. आम्ही हलवलं नाही. एकोणीस दिवस त्याला बाजेवर जसा निजवला होता तसाच ठेवला. वहिनी त्याच्या अंगावरची माशीसुद्धा अशा बेतानं हाकलायची की बाज हलू नये. लेकरांना अंगणात धावू दिलं नाही. मग ताप उतरेना म्हणून ट्रॅक्टरवर घालून ह्या दवाखान्यात आणला.

शमीम बाईंनी त्याला कुशीवर केलं आणि पाठीवरचं फडकं उचललं. मी पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला परत वळवलं.

"पाह्य. असं कोणी ठेवलं?"

मी सांगितलं, आमीच ठेवलं, लई जपलं बाई.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जपलं म्हणूनच झालं, भाऊ." आणि कापसाचा डबा माझ्या हातात दिला.

देवाजी सात महिने जगला. त्याची जखम रोज मी धुतली. तो गेल्यावर मी गावाला गेलो, तेरवी उरकली आणि परत वॉर्डात येऊन उभा राहिलो. बाईंनी काऊन आला म्हणून विचारलं नाही. हात धुऊन ये म्हणाल्या. त्या दिवसापासून मी वॉर्डातला माणूस झालो.

पण लगेच नाही झालो, आधी परीक्षा झाली. ही परीक्षा बाईंनी स्वतः काढलेली होती. वॉर्डात नवा माणूस लागला, मग तो झाडूवाला असो की डॉक्टर, त्याला रिकाम्या खाटेवर उताणं निजवायच्या. चादरीखाली, माकडहाडाच्या जागी, एक चिंचोका ठेवायच्या. आणि सांगायच्या, दोन तास हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं माणूस हसतो. अर्ध्या तासानं त्याला त्या चिंचोक्याशिवाय जगात काही दिसत नाही. मला देवाजी दिसत होता. मी दोन तास हललो नाही, उठलो तेव्हा पाय मुंग्यांनी भरले होते. राजुऱ्याकडचा किसन नावाचा एक खाणमजूर तेव्हा सहा नंबरवर होता, त्याची जीभ फार तिखट. तो म्हणाला, "पास झाला रे नवरदेव. आमी तं रोजच पेपर देऊन राह्यलो." एक नवे डॉक्टर पाऊण तासात उठून बसले. बाईंनी त्यांना काही म्हटलं नाही. फक्त महिनाभर ते डॉक्टर वॉर्डात आले की बाई त्यांच्यासमोर चादरीवरून हात फिरवून सुरकुत्या काढत राहायच्या. पुढं तेच मोठे डॉक्टर झाले, सगळा दवाखाना त्यांच्या हाती आला, आणि ही गोष्ट ते स्वतःच लोकांना सांगायचे.

बाईंच्या बोलण्याची एक रीत होती. खूश असल्या की मला मारोती म्हणायच्या, अरे-तुरे करायच्या. रागावल्या की मी मारोतराव व्हायचो. "मारोतराव, आपण हात धुतले का?" असं ऐकू आलं की समजायचं, आज काही खरं नाही. पेशंटनासुद्धा तसंच. किसनला एकदा त्या किसनराव म्हणाल्या, तर तो म्हणाला, बाई, शिव्या द्या पण राव नका म्हणू.

दोन-दोन तासांचा हिशोब वॉर्डात कसा ठेवायचे हे मला आल्यावर कळलं. पेशंटजवळ बायको, आई, कोणी ना कोणी राहायचं, आणि फिरवायला त्यांचाच हात लागायचा. त्यांच्यापैकी घड्याळ फार थोड्यांना कळायचं. पण दवाखान्यासमोरून रस्ता गेलेला, आणि त्या रस्त्यावर एसटी. मग ह्या लोकांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. सकाळची अहेरी गाडी गेली की डावी कूस. गडचिरोलीहून येणारी गाडी थांबली की पाठ. असं दिवसभराचं. बाईंना हे माहीत होतं आणि चालत होतं, कारण गाड्या साधारण वेळेवर असायच्या. संध्याकाळनंतर ड्युटीवरची सिस्टर घड्याळावर फिरवायची.

एकदा जंगलातल्या लोकांनी बंद पुकारला. त्या भागात बंद म्हटला की एसटी डेपोतून निघायचीच नाही. त्या दिवशी बाई सकाळपासून ऑपरेशनच्या खोलीत अडकल्या होत्या, मीही तिथंच स्ट्रेचर ओढायला. दुपारी त्या वॉर्डात आल्या आणि दारातच थांबल्या. सोळाही माणसं उजव्या कुशीवर, सगळ्यांची तोंडं खिडकीकडे, शाळेत बसवल्यासारखी. पहाटेपासून कोणी हललं नव्हतं. बाईंनी विचारलं, काऊन फिरवलं नाई. एक म्हातारी नवऱ्याच्या पायाशी बसली होती, तिनं अगदी खरं उत्तर दिलं. म्हणाली, "बाई, अहेरी गाडी आलीच नाई."

बाईंनी सरळ पहिल्या खाटेला हात घातला. आम्ही दोघांनी सोळाजणांना फिरवलं, तिघांच्या कमरेवर खुणा पडल्या होत्या, त्यातली एक पुढं फुटलीच. दुसऱ्या दिवशी बाईंनी रेल्वेच्या रुळाचा तुकडा कुठून तरी मिळवून वऱ्हांड्यात टांगला आणि मला सांगितलं, दर दोन तासांनी टोला दे. मला घड्याळ येत होतं. मी टोला एक मिनिट मागंपुढं होऊ दिला नाही. कोणी अजून पडताळून पाहावं.

आता मान्यतेची गोष्ट.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. दवाखान्याला पैसा देणाऱ्या बाहेरच्या संस्थेनं लिहून कळवलं की मणक्याच्या वॉर्डाला वरून खास मान्यता आणा. हे काम विशेष आहे, तेव्हा त्याचं विशेष प्रमाणपत्र पाहिजे. नसेल तर वॉर्ड बंद करा, पेशंट नागपूरला पाठवा, आम्ही बाकी दवाखान्याला पैसा देऊ. मोठ्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून हे समजावून सांगितलं.  नागपूर म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. इथं पेशंटसोबत घरचं माणूस राहायचं, कारण शेत, लेकरं, कोंबड्या एका दिवसाच्या टप्प्यात होत्या. नागपूरला कोण राहणार? चार दिवस राहतील, मग उचलून घरी आणतील. आणि घरी आणलं की पुन्हा कोणी तरी सांगेल, हलवू नका.

मग तयारी सुरू झाली. भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, दारांवर नवीन पाट्या. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक छापील कागद अडकवला. त्यावर दिवसाचे दोन-दोन तासांचे चौकोन. कोणत्या कुशीवर फिरवलं ती खूण करायची आणि पुढं सही. दिवसपाळीच्या खुणा माझ्याकडे. मी वॉर्डातला जुना माणूस, आणि मला लिहिता येतं हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

लिहिता येतं, पण वेळ लागतो. मारोती ही तीन अक्षरं काढायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दुसरा माणूस पत्र लिहून टाकतो. वॉर्डात एकटा असताना त्याचं काही वाटत नसे. पण तपासणीच्या दिवशी शहरातले लोक माझ्या डोक्यावर उभे असणार, आणि मी जीभ दातात धरून अक्षर काढत बसणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. अंगठा तर मी बापाच्या जन्मात दिलेला नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी सहालाच मी एकेका खाटेजवळ बसलो आणि संध्याकाळपर्यंतचे सगळे चौकोन सावकाश, सुंदर भरून टाकले. खूण, सही. खूण, सही. कूस मात्र वेळच्या वेळी देणारच होतो, त्यात कसूर नव्हती. मला वाटलं, काम खरं आहे, मग लिहिणं आधी झालं तर काय बिघडलं. मी मनात खूश होतो. अक्षर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं.

कमिटीचे तीन लोक होते. दोन साहेब इमारतीकडे गेले, वॉर्डात एक बाई आल्या. चष्मा, सुती साडी, आवाज अगदी हळू. साडेअकरा झाले असतील. त्या पाच नंबरच्या खाटेशी थांबल्या, कागद वाचला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा कागद. विचारलं, "ह्या पेशंटला दुपारी दोनला उजव्या कुशीवर केलंय. चारला पाठीवर. आत्ता किती वाजलेत?"

 व्यवस्थापक साहेब सोबत होते, ते पटकन म्हणाले, मॅडम, हा कालचा कागद चुकून राहिला. आणि कागद काढायला हात पुढं केला. वर आजची तारीख होती, पण तपासणीच्या बाई अजून खालीच पाहत होत्या. शमीम बाईंनी फक्त मान हलवली असती तरी ते खपून गेलं असतं. वॉर्ड वाचला असता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, हलवा बाई, हलवा.

शमीम बाई म्हणाल्या, "कालचा नाही. आजचाच आहे, आणि खोटा आहे."

मी म्हटलं, मी लिहिलं. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मारोतराव, आपण गप राहा." मग तपासणीच्या बाईंना सांगितलं, आता ह्या वॉर्डातला एकही कागद तुम्ही मानू नका. तुम्ही पाठी पाहा.

आणि दाखवल्या. पडदे लावले, ज्याची त्याची परवानगी विचारली, आणि एकेक करून सोळा पाठी उघड्या केल्या. सुरुवात चौदा नंबरपासून केली, कारण चौदा नंबरच्या टाचेवर जखम होती. इतर कोणी ती शेवटी ठेवली असती. बाई म्हणाल्या, भाचीच्या लग्नाला मी दोन दिवस नव्हते, तेव्हाची आहे. मी नव्हते तरी माझीच आहे. बाकी पंधरा पाठी कोऱ्या होत्या. तपासणीच्या बाईंनी प्रत्येक पाठीला हात लावून पाहिला. किसन तेव्हा, त्याच्या भाषेत, दुरुस्तीसाठी परत आलेला होता, तो पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "मॅडम, सही करून देऊ का पाठीवर?" कोणी हसलं नाही.

शेवटी तपासणीच्या बाईंनी शमीम बाईंकडे त्यांची कागदपत्रं मागितली. बाईंनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं नर्सिंगचं जुनं प्रमाणपत्र काढलं. मणक्याच्या पेशंटच्या सेवेचा खास कोर्स? नाही केला. का? बाई म्हणाल्या, तेव्हा असा कोर्स नव्हता, आणि झाला तेव्हा सुट्टी नव्हती.

महिन्यानं पत्र आलं. मान्यता तूर्त नाही. एक वर्षाची मुदत. कारणं दोन लिहिली होती. एक, नोंदी विश्वासाच्या नाहीत. दोन, वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरकडे खास शिक्षणाचं प्रमाणपत्र नाही. एक कारण माझं होतं, एक त्यांचं. माझं दुरुस्त होण्यासारखं होतं.

त्या वर्षासारखं वर्ष मी पुन्हा पाहिलं नाही. बाई मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, पण पूर्ण वर्षभर मी मारोतरावच राहिलो. त्यांनी प्रत्येक खाटेला पेन दोरीनं बांधलं. नियम असा की आधी पाठीखाली हात, मग कूस, मग तिथंच उभं राहून खूण आणि सही. आणि माझी सही पूर्ण होईपर्यंत कोणी पुढच्या खाटेकडे जायचं नाही. मी मुद्दाम बारीक सही करून आटोपायला लागलो, तर म्हणाल्या, पूर्ण नाव. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत थांबायचा. पेशंट, त्यांच्या बायका, डॉक्टरसुद्धा. पहिले दोन महिने माझ्या मानेवरून घाम निथळायचा. एकदा चिडून मी म्हटलं, बाई, मी काय लेकरू हाओ? त्या म्हणाल्या, "लेकरू असतं तर सोडून दिलं असतं." नंतर सवय झाली. अजून हळूच लिहितो, पण आता कोणी उभं आहे म्हणून हात थांबत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी बाईंना कोर्सला पाठवायचं ठरवलं. एक वर्ष, लांबच्या शहरात, सगळं इंग्रजीत. बाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या वर. अभ्यासाला त्या भ्यायल्या असं मला वाटत नाही. त्या म्हणाल्या, मी जाऊन येईपर्यंत मुदत संपते. आणि तोवर पाठी कोण पाहणार? आठ दिवस त्या डबा तसाच परत न्यायच्या. मग एक अर्ज लिहून मला ऑफिसात द्यायला सांगितला. बंद पाकीट नव्हतं. मी वऱ्हांड्यात थांबून वाचला. लिहिलं होतं, माझ्या जागी खास कोर्स केलेली सिस्टर लवकर नेमावी, मी तिच्या हाताखाली काम करीन.

मी अर्ज घेऊन परत आलो. म्हटलं, बाई, ही खुर्ची तुमची हाय, मी हे देणार नाई.

त्या म्हणाल्या, "मला त्या खुर्चीवर बसलेली कधी पाह्यलं का आपण?" मग कागद माझ्या हातातून घेऊन स्वतःच ऑफिसात देऊन आल्या.

आली ती वैशाली नावाची नागपूरची मुलगी. चोवीस-पंचवीसची असेल, पहिल्या श्रेणीत पास. मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही. तिचा काही दोष नव्हता, पण मी बोललो नाही. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी खाटेवर निजवलं, चिंचोका ठेवला. मी टोल्याच्या रुळापाशी उभा राहून मनात म्हणत होतो, अर्ध्या तासात उठते. ती पूर्ण दोन तास पडून राहिली. उठल्यावर तिनं चिंचोका हातात घेऊन पाहिला आणि बाईंना विचारलं, माझ्या पाठीवर खूण पडली का, किती मोठी आहे, मला सांगा, मी लिहून घेते. बाई माझ्याकडे पाहून त्या वर्षात पहिल्यांदा हसल्या. मला ते आवडलं नाही, पण खरं ते सांगतो.

वर्षानं त्याच तपासणीच्या बाई परत आल्या. या वेळी सगळ्यात आधी माझेच कागद घेतले. तीन-तीन महिन्यांचे गठ्ठे. एका ठिकाणी बोट ठेवलं. त्या दिवशी दुपारचे दोन चौकोन सगळ्या खाटांचे कोरे होते. त्यांनी विचारलं, हे काय?  वैशाली सिस्टरनं शमीम बाईंकडे पाहिलं. बाईंनी काही खूण केली नाही, त्या चादर नीट करत राहिल्या. मग वैशाली सिस्टर म्हणाली, पावसात छताचा पत्रा उडाला होता, सगळ्यांना वऱ्हांड्यात हलवलं, त्या चार तासांत कूस देता आली नाही. दिली नाही म्हणून लिहिली नाही. तपासणीच्या बाई बराच वेळ तो कोरा चौकोन पाहत होत्या. मग पुढचा गठ्ठा उचलला.

मान्यता मिळाली. कागदावर इन्चार्ज वैशाली. वॉर्ड राहिला, सोळाच्या चोवीस खाटा झाल्या. चौकट टांगली त्या दिवशी शमीम बाई माझ्या बाजूनं जाताना म्हणाल्या, मारोती, चार नंबरची चादर बदल. मी चादर बदलली आणि मग धुण्याच्या खोलीत जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभा राहिलो.

त्यानंतर साडेतीन वर्षं बाई त्या मुलीच्या हाताखाली राहिल्या. खुर्चीवर वैशाली सिस्टर बसायची, बाई उभ्याच. दोघींत भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हॉलमध्ये चार वाजता कार्यक्रम होता. शाल, नारळ, भाषणं, राजुऱ्याहून बाईंचे भाऊ आलेले. सगळे बसले, बाईंचा पत्ता नाही. माईकवरून दोनदा नाव पुकारलं. मग मला धाडलं.

बाई वॉर्डात होत्या. नवीन साडी, खांद्याला चकचकीत पिन, आणि अकरा नंबरच्या खाटेवर वाकलेल्या. अकरा नंबरवर भामरागडकडचा एक गोंड माणूस चार दिवसांपूर्वी आला होता, त्याला मराठी फारशी कळत नव्हती. त्याला कुशीवर केलेलं होतं. बाईंचा उलटा हात त्याच्या माकडहाडावर होता. काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं सुरुवात झाली की जागा हाताला गरम लागते, एवढंच. दाब काढल्यावर अर्ध्या तासात ती थंड झाली तर वाचली. नाही झाली तर आत काम सुरू झालं.

मी म्हटलं, बाई, सगळे थांबून राह्यले.

"थांबू दे. अजून गरम हाय."

मी हॉलमध्ये जाऊन सांगितलं की बाई येत नाहीत, अकरा नंबर अजून गरम आहे. लोक एकमेकांकडे पाहू लागले. व्यवस्थापक साहेबांनी शालीची घडी पुन्हा सरळ केली. मोठे डॉक्टर मात्र खुर्चीवरून उठले होते. मी तिथं थांबलो नाही.

परत आलो तेव्हा बाई तशाच होत्या. हात तिथंच, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. तो माणूस खिडकीबाहेर पाहत पडला होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. वैशाली सिस्टर पायथ्याशी उभी होती. तिच्या एका हातात कागद होता, दुसऱ्या हातात टोपण काढलेलं पेन. तिनं अजून काही लिहिलं नव्हतं.